अंपायर्स कॉल आणि चाकणचा मायक्रॉन

चेंडू यष्टीला लागताना पडद्यावर स्वच्छ दिसतो आणि तरीही फलंदाज नाबाद ठरतो. यावरून कधीच वाद झाला नाही असं क्रिकेटवेडं घर महाराष्ट्रात सापडणं कठीण. ‘मशीन सांगतंय लागतोय, मग अंपायरचं कशाला ऐकायचं?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं नेमकं उत्तर ज्यांच्या रोजच्या कामात दडलेलं आहे, अशी हजारो माणसं गहुंजेच्या स्टेडियमपासून तासाभराच्या टप्प्यात राहतात. भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यातल्या कारखान्यांत ती क्वालिटीचं काम बघतात. हातात मायक्रोमीटर घेऊन ‘हा जॉब पास की रिजेक्ट’ हे ठरवताना त्यांच्यापुढे जो पेच असतो, तोच तिसऱ्या पंचापुढेही असतो. जागतिक स्पर्धांमधलं माहिती तंत्रज्ञान समजून घ्यायचं असेल, तर या पेचापासून सुरुवात करावी.

गहुंजेचं मैदान

महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचं स्टेडियम मावळ तालुक्यात, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या कडेला आहे. पिंपरी-चिंचवडची वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. ब्रिटिश वास्तुविशारद मायकेल हॉपकिन्स यांच्या संस्थेने आराखडा केलेल्या या मैदानाचं उद्घाटन 2012 मध्ये झालं आणि साधारण 37,000 प्रेक्षक इथे बसतात. 2023 च्या एकदिवसीय विश्वचषकाचे पाच सामने इथे खेळले गेले. त्यातला 19 ऑक्टोबरचा भारत-बांगलादेश सामना विराट कोहलीच्या नाबाद 103 धावांमुळे सगळ्यांच्या लक्षात राहिला.

अशा सामन्यात मैदानावर तेरा खेळाडू आणि दोन पंच दिसतात. न दिसणारी व्यवस्था फार मोठी असते. स्टँडच्या उंचीवर चेंडूचा माग काढणारे कॅमेरे, यष्टींमागे जमिनीत बसवलेले मायक्रोफोन, त्या सगळ्यांच्या केबल एकत्र आणणारी प्रक्षेपणाची वाहनं, संगणकांपुढे बसलेले ऑपरेटर, आणि तिथून फायबरने जगभर जाणारी चित्रं. या व्यवस्थेचं मुख्य काम आहे मोजमाप. चेंडू कुठे पडला, पायाला कुठे लागला, आवाज नेमका कधी झाला, धावपटूची छाती रेषेवर कोणत्या क्षणी आली. खेळातलं तंत्रज्ञान हे आधी मापनशास्त्र आहे आणि मग संगणकशास्त्र.

चेंडूचा माग कसा काढतात

हॉक-आय ही यंत्रणा इंग्लंडमध्ये पॉल हॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. क्रिकेटमध्ये ती पहिल्यांदा दिसली 2001 साली, लॉर्ड्सवरच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीच्या प्रक्षेपणात. तेव्हा ती फक्त प्रेक्षकांना दाखवण्यापुरती होती. पंचांच्या हाती ती यायला आणखी काही वर्षं जायची होती.

तिचं मूळ तत्त्व शाळेतल्या भूमितीतलं आहे. एका कॅमेऱ्याच्या चित्रावरून चेंडू कोणत्या दिशेला आहे एवढंच कळतं, किती दूर आहे ते कळत नाही. दुसऱ्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याने त्याच क्षणी घेतलेलं चित्र मिळालं की दोन दिशा जिथे छेदतात तिथे चेंडू, असं गणित मांडता येतं. दोन कॅमेरे पुरेसे असले तरी प्रत्यक्षात अधिक लावतात, कारण एखाद्या कॅमेऱ्याच्या आड यष्टिरक्षक येतो, एखाद्याच्या चित्रात चेंडूमागे पांढरे कपडे येतात. प्रत्येक चित्रातून चेंडूचा मध्य शोधायचा, सगळ्या कॅमेऱ्यांची उत्तरं जुळवायची आणि त्या बिंदूंमधून सलग मार्ग काढायचा, हे काम संगणक काही सेकंदांत करतो.

आता जरा आकडे घेऊ. ताशी 140 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 39 मीटर. साध्या प्रक्षेपणाच्या कॅमेऱ्याने सेकंदाला 50 चित्रं घेतली तर दोन चित्रांच्या मध्ये चेंडू 78 सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे टप्पा नेमका कुठे पडला हे त्या चित्रांत उमटेलच याची खात्री नाही. म्हणून खास वेगवान कॅमेरे लागतात. सेकंदाला 300 चित्रं धरली तर हेच अंतर 13 सेंटीमीटरवर येतं. म्हणजे अत्यंत वेगवान कॅमेरासुद्धा चेंडूचा सलग प्रवास पाहत नाही. त्याच्या हाती ठरावीक अंतरावरचे बिंदू लागतात आणि मधली रेषा गणित ओढतं.

पायचीतच्या निर्णयात याहून एक पाऊल पुढे जावं लागतं. चेंडू पॅडला लागून थांबलेला असतो. तो लागला नसता तर यष्टीवर गेला असता का, हे सांगायचं असतं. समजा, टप्पा पडल्यावर पॅडला लागेपर्यंत चेंडू फक्त 40 सेंटीमीटर गेला. 300 चित्रांच्या कॅमेऱ्याला एवढ्या अंतरात तीन-चार बिंदूच मिळतात. त्या बिंदूंवरून काढलेल्या दिशेत 2 मिलिमीटरची चूक राहिली आणि यष्टी तिथून अडीच मीटर लांब असली, तर यष्टीपाशी पोहोचेपर्यंत ती चूक 12 मिलिमीटरच्या पुढे जाते. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. अंतर वाढलं की चूक त्या प्रमाणात वाढते, एवढंच.

कॅमेरा स्वतः हलला तर? 80 मीटर लांबून पाहणारा कॅमेरा एका अंशाच्या शंभराव्या भागाएवढा जरी वळला तरी खेळपट्टीवर 14 मिलिमीटरचा फरक पडतो. उन्हाने तापणारा लोखंडी सांगाडा, उसळ्या मारणारे प्रेक्षक, वारा, हे सगळं त्या शंभराव्या भागाला पुरेसं आहे. म्हणून खेळपट्टीवरच्या ठाऊक जागा, क्रीजच्या रेषा, यष्टी यांच्या आधाराने कॅमेऱ्यांचं कॅलिब्रेशन करावं लागतं आणि ते सामन्यादरम्यान पुन्हा पुन्हा तपासावं लागतं.

अंपायर्स कॉल कशासाठी

पंचांच्या निर्णयावर रिव्ह्यू घेण्याची पद्धत, म्हणजे डीआरएस, 2008 मध्ये भारताच्या श्रीलंका दौऱ्यातल्या कसोटी मालिकेत पहिल्यांदा वापरून पाहिली गेली. त्या मालिकेत भारताचे रिव्ह्यू वाया जात राहिले आणि भारतीय क्रिकेटने पुढची अनेक वर्षं या पद्धतीला विरोध केला. 2016 च्या अखेरीस इंग्लंडविरुद्धच्या मायदेशातल्या मालिकेपासून भारताने ती स्वीकारली.

मधल्या काळात, 2011 च्या विश्वचषकात ही पद्धत लागू असताना एक प्रसंग घडला, तो या विषयाच्या गाभ्याशी नेणारा आहे. 27 फेब्रुवारीला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर भारत-इंग्लंड सामना चालला होता, तोच जो 338 धावांवर बरोबरीत सुटला. युवराज सिंगच्या चेंडूवर इयान बेलविरुद्ध पायचीतचं अपील झालं, पंचांनी नाबाद दिलं, धोनीने रिव्ह्यू घेतला. पडद्यावर चेंडू मधल्या यष्टीवर जाताना दिसला आणि बेल नाबादच राहिला. कारण चेंडू पायाला लागला ती जागा यष्टींपासून अडीच मीटरपेक्षा दूर होती, आणि इतक्या अंतरावरून केलेल्या अंदाजावर मैदानावरचा निर्णय फिरवायचा नाही असा तेव्हाचा नियम होता. प्रेक्षक चिडले, धोनीनेही उघड नाराजी व्यक्त केली. नियमामागचं गणित मात्र वर आलं तेच होतं: अंतर वाढलं की अंदाजातली चूक वाढते.

आजचा नियम असा आहे. पायचीतच्या रिव्ह्यूत चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागणार असं दिसलं, तर मैदानावरच्या पंचाने जे दिलं असेल तेच कायम राहतं. बाद दिलं असेल तर बाद, नाबाद दिलं असेल तर नाबाद. हाच अंपायर्स कॉल. चेंडूचा व्यास 7 सेंटीमीटरच्या थोडा वर असतो, म्हणजे ही संशयाची पट्टी साडेतीन सेंटीमीटरची होते. आयसीसीने ती वेळोवेळी हलवली आहे. 2016 मध्ये यष्टींच्या बाजूची हद्द बाहेरच्या कडेपर्यंत नेली, 2021 मध्ये उंचीची हद्द वाढवली. 2017 पासून निर्णय अंपायर्स कॉल आला तर रिव्ह्यू वाया जात नाही.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. एकच चेंडू, यंत्राचा एकच अंदाज, आणि निकाल दोन येऊ शकतात. वरवर हा अन्याय वाटतो. प्रत्यक्षात नियम म्हणतो की पंच चुकला हे सिद्ध करण्याची जबाबदारी रिव्ह्यू घेणाऱ्यावर आहे. पुरावा संशयाच्या पट्टीत पडला तर ते सिद्ध झालेलं नाही. 2017 च्या फेब्रुवारीत गहुंजेवर पहिली कसोटी झाली तेव्हा ही जबाबदारी किती महाग पडते ते दिसलं. दुसऱ्या डावात मुरली विजय आणि के. एल. राहुल हे दोन्ही सलामीवीर पायचीत झाले, दोघांनीही रिव्ह्यू घेतले आणि सुरुवातीच्या षटकांतच भारताच्या हातातले दोन्ही रिव्ह्यू संपले. भारताचे डाव 105 आणि 107 धावांत आटोपले. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओ’कीफने सामन्यात 12 बळी घेतले आणि भारत 333 धावांनी हरला. पराभव रिव्ह्यूंमुळे झाला नाही, पण पुढच्या फलंदाजांपाशी दाद मागण्याचं साधन उरलं नव्हतं.

चाकणला हे आधीपासून ठाऊक आहे

आता कारखान्यात येऊ. समजा, एका शाफ्टचा व्यास 25 मिलिमीटर हवा आहे आणि ड्रॉइंगवर टॉलरन्स दिलाय अधिक-उणे 10 मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. व्यास 25.010 पर्यंत चालेल, त्यापुढे रिजेक्ट. ऑपरेटरने जॉब मशीनवरून काढला, पुसला, मायक्रोमीटर लावला आणि वाचन आलं 25.009. पास?

नवखा माणूस ‘पास’ म्हणेल. अनुभवी इन्स्पेक्टर आधी विचारेल की या मायक्रोमीटरची स्वतःची अनिश्चितता किती. ती अधिक-उणे 2 मायक्रॉन असेल तर खरा व्यास 25.007 ते 25.011 मध्ये कुठेही असू शकतो. म्हणजे जॉब चांगला आहे असं छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि वाईट आहे असंही नाही. या अवस्थेत काय करायचं याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आयएसओ 14253. तो सांगतो की ज्याला सिद्ध करायचं आहे त्याने अनिश्चिततेचा भार स्वतः उचलायचा. माल देणाऱ्याला ‘माझा जॉब बरोबर आहे’ असं सिद्ध करायचं असेल तर त्याने वाचन 25.008 च्या आत दाखवावं. माल घेणाऱ्याला ‘तुमचा जॉब चुकीचा आहे’ असं म्हणायचं असेल तर त्याने 25.012 च्या पुढचं वाचन दाखवावं. मधल्या पट्टीत दोघांपैकी कोणाचंच म्हणणं सिद्ध होत नाही.

अंपायर्स कॉलचं तत्त्व अक्षरशः हेच आहे. क्रिकेटमध्ये त्यावर वाद रंगतात आणि भोसरीतला व्हेंडर तेच तत्त्व रोजच्या चलनांत आणि रिजेक्शन नोटांत पाळतो.

या पट्ट्यात मोजमापाची ही शिस्त एका दिवसात आली नाही. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉप भोसरीत वाढली. पुढे चाकणला बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आल्या. प्रत्येक नव्या ग्राहकाबरोबर टॉलरन्स आवळत गेला. एका कारखान्यात केलेला पिस्टन दुसऱ्या कारखान्यातल्या सिलिंडरमध्ये न घासता बसला पाहिजे, तर दोघांचे मायक्रॉन एकच असायला हवेत. म्हणून प्रत्येक गेज ठरावीक काळाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कॅलिब्रेशनला जातं, त्या प्रयोगशाळेची मापं त्याहून वरच्या मापांशी ताडलेली असतात आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते.

मोजमापाच्या खोलीचं तापमान 20 अंश सेल्सिअस ठेवतात, कारण लांबीची मापं जगभर त्याच तापमानाला धरली जातात. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एका अंशाला साडेअकरा मायक्रॉन वाढतो. एप्रिलच्या दुपारी 35 अंशांच्या शेडमधून आणलेला 100 मिलिमीटरचा जॉब लगेच मोजला तर तो 17 मायक्रॉनने मोठा दिसेल. वरच्या उदाहरणातल्या 10 मायक्रॉनच्या हद्दीपेक्षा हे जास्त आहे. म्हणून जॉब आधी त्या खोलीत थंड होऊ देतात. मोजणाऱ्या माणसामुळे किती फरक पडतो हेही तपासतात. तेच तुकडे, तेच गेज, वेगवेगळी माणसं, प्रत्येकाने पुन्हा पुन्हा मोजायचं. याला गेज आर अँड आर म्हणतात. मोजण्यातूनच येणारा फरक टॉलरन्सच्या 10 टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली, 30 टक्क्यांच्या पुढे गेला तर ती पद्धत बाद.

तलावाची लांबी आणि सेकंदाचा हजारावा भाग

खेळाच्या दुनियेला ही शिस्त एका वादग्रस्त सुवर्णपदकाने शिकवली. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या 400 मीटर वैयक्तिक मिडलेत स्वीडनचा गुन्नर लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी यांनी एकाच वेळी भिंतीला हात लावला असं शंभराव्या भागापर्यंतचं घड्याळ सांगत होतं. मग हजारावा भाग पाहिला गेला: लार्सन 4:31.981, मॅकी 4:31.983. दोन सहस्रांश सेकंदाच्या फरकाने लार्सनला सुवर्ण मिळालं.

घड्याळ बरोबर होतं. पण त्या वेगाने दोन सहस्रांश सेकंदात पोहणारा 3 मिलिमीटरसुद्धा पुढे सरकत नाही. आणि 50 मीटरच्या तलावाच्या लेनला लांबीत 3 सेंटीमीटरपर्यंतचा फरक चालतो. भिंतीचा गिलावा आणि त्यावर लावलेला टचपॅड याहून बारीक करणं अवघड असतं. म्हणजे दोन लेनच्या लांबीतला फरक त्यांच्या वेळेतल्या फरकाहून कितीतरी मोठा असू शकतो. घड्याळ हजाराव्या भागापर्यंत वाचू शकतं म्हणून निकाल तितका खरा होत नाही. पोहण्याच्या स्पर्धांनी त्यानंतर शंभरावा भाग हीच हद्द ठरवली. त्या हद्दीत बरोबरी झाली तर पदक वाटून दिलं जातं. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 100 मीटर बटरफ्लायमध्ये मायकेल फेल्प्स, चॅड ले क्लॉस आणि लास्लो चेह या तिघांनी 51.14 सेकंदांची वेळ दिली आणि तिघेही रौप्यपदकाच्या चौथऱ्यावर एकत्र उभे राहिले.

बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात 12 ते 18 ऑक्टोबर 2008 या काळात राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, त्यात पोहणंही होतं आणि धावणंही. एकाच संकुलातल्या या दोन खेळांची हद्द वेगळी असते. धावण्याच्या शर्यतीत हजारावा भाग चालतो. तिथे अंतिम रेषा एकच असते आणि तिच्यावर रोखलेला कॅमेरा त्या रेषेएवढीच बारीक फट सेकंदाला हजारो वेळा टिपतो. त्या फटी शेजारी शेजारी मांडल्या की फोटो-फिनिशचं चित्र तयार होतं. त्यात डावीकडून उजवीकडे दिसतं ते अंतर नसतं, तो काळ असतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरच्या अंतिम फेरीत नोआ लाइल्स आणि किशेन थॉम्पसन दोघांचीही वेळ 9.79 होती. चित्रातून निघालं 9.784 आणि 9.789. त्या वेगाला पाच सहस्रांश सेकंद म्हणजे पाच सेंटीमीटरहून थोडं जास्त अंतर, आणि ते खात्रीने मोजण्याइतकी ती पद्धत बारीक आहे. एकेक फट टिपणारे हेच लाइन-स्कॅन कॅमेरे पत्र्याच्या किंवा कागदाच्या धावत्या पट्ट्यावरचे ओरखडे शोधायला कारखान्यांतही लावतात.

चूक कुठून शिरते

मोजमाप कितीही बारीक केलं तरी यंत्रामागे माणूस असतो. 2025 मध्ये विम्बल्डनने रेषेवरचे पंच पहिल्यांदाच पूर्णपणे काढून कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवली. 6 जुलैला सेंटर कोर्टवर अनास्तासिया पावलुचेन्कोवा आणि सोनाय कार्टल यांच्या सामन्यात चेंडू उघड बाहेर पडला आणि यंत्र गप्प राहिलं. कोर्टच्या एका भागावरची यंत्रणा ऑपरेटरकडून चुकून बंद झाली होती आणि ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याच वर्षी 17 डिसेंबरला अ‍ॅडिलेडच्या अ‍ॅशेस कसोटीत अ‍ॅलेक्स कॅरीविरुद्ध झेलचं अपील झालं. पडद्यावर आवाजाचा उंचवटा आणि चेंडू बॅटजवळून जाणारं चित्र यांची वेळ जुळेना, आणि कॅरी नाबाद राहिला. ऑपरेटरने गोलंदाजाच्या टोकाच्या यष्टीचा मायक्रोफोन निवडला असावा, हे यंत्रणा चालवणाऱ्यांनी नंतर मान्य केलं. दोन्ही वेळा गणित बरोबर होतं, कॅमेरे आणि मायक्रोफोन बिघडलेले नव्हते. चुकलं ते बटण दाबणं.

कारखान्यात यावरचा उपाय सगळ्यांना पाठ आहे. पहिला उपाय, शिफ्ट सुरू होताना मास्टर पीस लावून गेज बरोबर दाखवतंय का ते पाहायचं. दुसरा, पोका-योके: मूळ जपानी असलेला हा शब्द चाकणच्या शॉप फ्लोअरवर मराठीच झाला आहे. फिक्श्चरची रचनाच अशी करायची की जॉब उलटा बसूच नये, म्हणजे ऑपरेटरच्या सावधपणावर भरवसा ठेवावा लागत नाही. विम्बल्डनने त्या घटनेनंतर जे केलं ते पोका-योकेच होतं: ऑपरेटरला यंत्रणा हाताने बंद करण्याची सोयच काढून टाकली.

मोठ्या स्पर्धेत या चुका हजारो जागी शिरू शकतात. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये निकालांची माहिती वृत्तसंस्थांना पोहोचवणारी संगणकव्यवस्था कोलमडली. दोन फूट उंचीचा मुष्टियोद्धा अशा नोंदी तिथून बाहेर पडल्या. वेगवेगळे भाग आपापल्या जागी चालत होते, पण सगळे एकत्र, खऱ्या स्पर्धेच्या ताणाखाली पुरेसे तपासले गेले नव्हते. त्यानंतर ऑलिंपिकच्या आधी सगळ्या व्यवस्थेची रंगीत तालीम घेण्यावर फार भर आला. तालीम घेणारे लोक आधीच्या सूचनेशिवाय संकटं घडवून आणतात: सर्व्हर बंद पडतो, शर्यत पुढे ढकलली जाते, कोणीतरी संगणकव्यवस्थेवर हल्ला करतं. प्रत्येक वेळी चमू काय करतो ते लिहून ठेवतात. 2018 मध्ये प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनालाच खरा सायबर हल्ला झाला. वायफाय आणि संकेतस्थळ बंद पडलं, पण व्यवस्था रातोरात उभी करता आली. पॅरिस 2024 पर्यंत अनेक ऑलिंपिकची माहिती तंत्रज्ञानाची जबाबदारी अ‍ॅटोस या युरोपीय कंपनीकडे होती. तिने 2018 मध्ये विकत घेतलेल्या सिंटेलचं मोठं संकुल आपल्या तळवड्याच्या आयटी पार्कात आहे. निगडीहून चाकणकडे जाताना एका बाजूला सॉफ्टवेअरच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला प्रेस शॉप दिसतात. मोठ्या स्पर्धेला ही दोन्ही कौशल्यं लागतात.

एकाच वेळी सहा कोटींच्या घरात

मैदानाबाहेरही एक हद्द सांभाळावी लागते, ती प्रेक्षकसंख्येची. 19 नोव्हेंबर 2023 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एकाच वेळी 5.9 कोटी लोक पाहत होते. हा भार सावकाश चढत नाही. कोहली फलंदाजीला येतो, काही मिनिटांत लाखो लोक आत येतात. तो बाद होतो, तेव्हा तितकेच लोक एकदम मागे वळून पहिल्या पानावर येतात आणि आतापर्यंत शांत असलेल्या दुसऱ्याच सर्व्हरांवर लाट आदळते. गर्दी वाढल्यावर नवे सर्व्हर जोडायला वेळ लागतो, म्हणून सामन्याआधीच जादा क्षमता तयार ठेवतात. ती संपत आली तर काय सोडायचं हेही आधीच ठरलेलं असतं: ‘तुम्हाला हेही आवडेल’ छापाच्या शिफारशी आधी बंद होतात, सामन्याचं चित्र शेवटपर्यंत चालू राहतं. कोणता भाग किती ताण सोसेल आणि तो तुटण्याआधी काय सोडून द्यायचं, हे शांत वेळी ठरवून कागदावर उतरवणं ही इंजिनिअरिंगची फार जुनी सवय आहे.

हद्द सांगणारं यंत्र

ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठातले हॅरी कॉलिन्स आणि रॉबर्ट इव्हान्स यांनी 2008 मध्ये हॉक-आयवर एक शोधनिबंध लिहिला. त्यांचं म्हणणं होतं की पडद्यावर दिसणारं ते गुळगुळीत, ठाम चित्र प्रेक्षकांचा गैरसमज करतं. तो अंदाज आहे, आणि त्यात चूक किती असू शकते हेही चित्रात दाखवायला हवं. मला हे म्हणणं पूर्ण पटतं. चेंडूच्या मार्गाभोवती संशयाची पट्टी रंगवून दाखवली तर अंपायर्स कॉल काय आहे हे दहा वर्षांच्या मुलालाही कळेल. आज प्रेक्षकाला एक ठाम रेषा दिसते आणि तिच्याशी न जुळणारा निर्णय दिसतो, म्हणून त्याला फसवल्यासारखं वाटतं. जॉबच्या रिपोर्टवर वाचनाशेजारी अनिश्चितता छापायला मोजमापाच्या प्रयोगशाळेला लाज वाटत नाही. उलट ती छापलेली नसेल तर ऑडिटर तो रिपोर्ट परत करतो.

गहुंजेच्या सामन्यांना पिंपरी-चिंचवडमधली जी मुलं जातात, त्यांतल्या अनेकांची घरं अशी आहेत जिथे आई किंवा वडील रोज व्हर्नियर हातात धरतात. आयटीआय, पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी या दोन गोष्टींची गाठ घालून द्यावी. मोजमापाचा धडा शिकवताना फळ्यावर अंपायर्स कॉल मांडावा, टॉलरन्स समजावताना म्युनिकचा तलाव घ्यावा, पोका-योकेसाठी विम्बल्डनचं बटण. ज्या विद्यार्थ्याने शाफ्टच्या 25.009 वर थांबून ‘गेजची अनिश्चितता किती?’ असं विचारलं, तो उद्या कॅमेऱ्यांची, निकालांची किंवा कोणत्याही मोठ्या संगणकव्यवस्थेची जबाबदारी पेलू शकतो. मोजमापावरचा विश्वास त्याच्या ठामपणाने वाढत नाही. ते आपली हद्द स्वतःहून सांगतं तेव्हा वाढतो. चाकणने हे पुरवठ्याच्या करारांत लिहून ठेवलं आहे. खेळाच्या पडद्यांनीही ते उघडपणे दाखवावं, म्हणजे घराघरांतला तो वाद निदान योग्य मुद्द्यावर होईल.